बॅटरी बदला, डायनमो बदला, नाहीतर गाडीच बदला!

मंडळी, एक प्रश्न. प्रॉडक्शनला बग आला आणि तुमचा ज्युनियर लॉग न उघडताच म्हणाला, "सर, सर्व्हरच नवीन घेऊ", तर तुम्ही त्याचं काय कराल? आणि हेच वाक्य बोनेटवर वाकलेला माणूस बोलला की आपण गुपचूप पाकीट का काढतो?

जुन्या गाडीतला इलेक्ट्रिकल फॉल्ट मोजून सापडतो. आपल्याकडे मोजायचं सोडून पार्ट बदलत बसतात, हा माझा आरोप आहे.

पुरावा घरचाच. परभणीला बाबांची १९९८ची मारुती ८०० आहे. एमएच २२, कार्बोरेटरवाली. (तेव्हा हिंगोलीसुद्धा परभणी जिल्ह्यातच होतं, १९९९ला वेगळं झालं.) कंपनीने २०१४ साली ८०० बनवणं थांबवलं, बाबांनी वापरणं थांबवलेलं नाही. आठवड्यातून दोनदा गंगाखेडच्या बाजूला शेतावर जाणं असतं. गेल्या उन्हाळ्यात गाडीचा सेल्फ रडायला लागला. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलायला लावली. पंधरा दिवसांनी परत तेच, मग डायनमो. मग सेल्फचे कार्बन. एकूण साडेअकरा हजार. आणि वर सल्ला, "काका, गाडी जुनी झाली, काढून टाका." या सगळ्यात एकदाही, एकदाही कोणी मीटर लावला नव्हता!

मी सुट्टीत गेलो तेव्हा तीनशे रुपयांचा मल्टिमीटर नेला. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.१. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठणठणीत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनवर धरली आणि बाबांना म्हटलं, मारा सेल्फ. आकडा आला २.३ व्होल्ट. तिथे साधारण ०.२च्या आसपास यायला हवा. इंजिनला येणाऱ्या अर्थच्या पट्टीचा नट खोलला तर खाली हिरवट गंज. पॉलिश पेपर, एक पाना, वीस मिनिटं. विषय संपला.

यात जादू काही नाही, ओहमने १८२७ मध्ये छापलेला नियम आहे आणि इंजिनिअरिंगला आपण तो पाठ करून मार्क मिळवलेत. सेल्फ शंभरेक अँपिअर ओढतो. वाटेत नुसता ०.०२ ओहमचा गंज असला तरी २ व्होल्ट तिथेच खलास. गंमत म्हणजे मीटर ओहमवर लावून हे दिसत नाही, कारण स्वस्त मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या दहापट असतो. मीटर म्हणतो सगळं ओके. म्हणून लोड असतानाच व्होल्ट मोजायचे. आणि करंटला अर्थकडे नीट वाट मिळाली नाही की तो दुसरी शोधतो, कधी चक्क अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर समजून जा. मीटर नसेल तर जंप केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून सरळ इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. सेल्फ लगेच जोरात फिरला तर चोर सापडला.

रात्रीतून बॅटरी उतरते त्याचंही तसंच. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून एक अँपिअर गळत असेल तर दीड दिवसात ती बसणारच, नवीन टाकली तरी. मीटर सिरीजमध्ये लावून एकेक फ्यूज काढत जायचं, आकडा जिथे पडेल ते सर्किट. (मीटर तसाच ठेवून सेल्फ मारू नका, मीटर जाईल.)

"आता स्कॅनर आहेत रे", असं म्हणणाऱ्यांना: या ८००ला स्कॅनर लावायला जागाच नाही. आणि नव्या गाडीतही अर्थ खराब असला की भलत्याच सेन्सरचे कोड येतात. मग तो सेन्सर बदलतात!

पण गॅरेजवाल्यालाच का झोडपू? बिल पार्टचं होतं, शोधण्याचं होत नाही. परभणीत अजून असे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत की ज्यांच्याकडे हत्यार म्हणजे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी. तो बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कच्चा जोड लगेच उघडा पडतो. डिजिटल मीटर अशा जागी बिनधास्त १२ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. असा माणूस वीस मिनिटांत फॉल्ट काढून पाचशे मागतो तेव्हा आपण काय म्हणतो? "नुसता नट तर घासलात!" आणि चार हजारांची बॅटरी मात्र निमूट घेतो, कारण तिच्याबरोबर खोका आणि वॉरंटी कार्ड मिळतं. स्वतः तासावर क्लायंटला बिल लावणारी माणसं आपण! आपल्या 'रूट कॉज अ‍ॅनालिसिस'चे पैसे डॉलरमध्ये, त्याचे फुकट.

असो. निदान पार्ट घेण्याआधी "किती व्होल्ट आले?" एवढं विचारा. आणि काढलेला जुना पार्ट ताब्यात घ्या. आम्ही डायनमो मागितला तर उत्तर आलं, "तो भंगारात गेला." काढायच्या आधी तो किती व्होल्ट देत होता, हे आता कोणाला विचारणार?