तिच्या स्वतःच्या नावानं



गणपती जवळ आले की इथे लंडनमधल्या मराठी घरांत कोकणातल्या पेणचं नाव निघतंच. पेण, हमरापूर, जोहे इथल्या मूर्ती समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत पोचतात. मूर्तींच्या कारखान्यांत बायाही राबतात आणि पेणचे पापडही बायकाच लाटतात. गावाचं नाव जगभर झालं, या बायकांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. तीच गत वीटभट्टीवर: पेण-रोह्याच्या कातकरी आदिवासी वाड्यांवरची कुटुंबं पावसाळा सरला की तिथे कामाला जातात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते आणि हिशेब नवऱ्याशी होतो. निम्मं काम करणारी बाई मालकाच्या वहीत नसतेच.

अशा नाव नसलेल्या बाईनं स्वतःला शोधणं हा आजच्या ब्रिटिश साहित्याचा एक मुख्य विषय आहे. बर्नार्डिन एव्हारिस्टो यांच्या ‘गर्ल, वुमन, अदर’ या कादंबरीला २०१९चं बुकर विभागून मिळालं. तिच्यात बारा आयुष्यं आहेत, बहुतेक कृष्णवर्णीय ब्रिटिश स्त्रियांची, आणि प्रत्येक आयुष्याला त्या-त्या व्यक्तीचं नाव दिलेलं प्रकरण आहे. कुणीही दुसऱ्याच्या गोष्टीतलं दुय्यम पात्र होऊन राहत नाही.

हा शोध मराठी बाईनं फार आधी सुरू केला. बालविवाहाविरुद्ध रखमाबाईंनी १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहिलं ते ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून. नाव लपवावं लागलं. पुढे त्या याच लंडनमध्ये वैद्यक शिकल्या आणि डॉक्टर रखमाबाई म्हणून त्यांनी सुरतेत रुग्णसेवा केली. कोकणातल्या ऊर्मिला पवार यांनी ‘आयदान’ या आत्मकथनात (२००३) बांबूच्या टोपल्या विणून घर चालवणारी आई आणि दलित स्त्री म्हणून स्वतःची जडणघडण आपल्या नावानिशी मांडली. आता महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव येतं. कागदावर नाव आलं, हे मोठंच पाऊल आहे. पण त्या नावामागची बाई कोण, हे तिनंच सांगायला हवं.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकासाठी मंडळातल्या भगिनींना आग्रहाची विनंती: स्वतःबद्दल लिहा. ‘अमक्याची आई’, ‘तमक्यांची सौ.’ अशी सही नको, आपलं नाव घाला. गावाकडच्या आत्या-मावशीला फोन करा, तिच्या कामाबद्दल विचारा, तिची परवानगी घेऊन तिच्याच शब्दांत उतरवा आणि लेखाखाली तिचं नाव द्या. शुद्धलेखनाची काळजी संपादक मंडळ घेईल. अंकाची पहिली पानं या लेखांसाठी राखून ठेवली आहेत.

— संपादक