मृत्यूची नोंद पंचायतीत, सातबारा मयताच्याच नावावर

घरातला कर्ता गेला की मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. दप्तर सरकारचे, सातबाराही सरकारचाच. तरी दाखल्याची प्रत घेऊन वारसानेच तलाठ्याकडे अर्ज करायचा (नवे नाव ग्राम महसूल अधिकारी, काम तेच). तोवर पीककर्ज अडते, अनुदान अडते. 2025 साली शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, तेव्हा मयत खातेदारांच्या याद्या चावडी वाचन करून केल्या. पंचायतीच्या दप्तरात होतेच, ते गावाला विचारून पुन्हा लिहावे लागले!

शहरात तरी काय? मुंबईतल्या मानखुर्दला मृत्यूची नोंद महानगरपालिकेत आणि मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात. हेलपाटे तेच.

जोडणी जमत नाही म्हणावे, तर ई-फेरफारमध्ये खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकाकडून तलाठ्याकडे संगणकावरूनच जाते. खरेदीचे जमते, मग मृत्यूचे का नाही? एका नावाची चार माणसे असतात, ही सबबही आता चालू नये. शेतकरी ओळख क्रमांक कशाला दिलाय? वारस कोण, ते चौकशीनेच ठरावे, तिथे घाई नकोच. पण मयताची खबर तरी आपोआप पोचावी. नवे पोर्टल काढण्याआधी एवढे करा, असा ठराव सरपंच मंडळींनी येत्या ग्रामसभेत घेऊन तहसीलदारांकडे धाडावा.