मोटारीची धुरकट काच आणि आतली हवा

मोटारीची पुढची काच धुरकट झाली की चालकाचा हात आपोआप फडक्याकडे वळतो. काच पुसली जाते, काही क्षण रस्ता स्पष्ट दिसतो, आणि काच पुन्हा पांढुरकी होते. घाटाच्या वळणावर अथवा समोरून येणाऱ्या मालमोटारीच्या प्रकाशझोतात ही गोष्ट जीवावर बेतू शकते. पुसण्यात वेळ जातो तो जातोच. शिवाय एक हात सुकाणूचक्रावरून सुटलेला असतो. वस्तुतः दोष काचेचा नसून तिच्या लगतच्या हवेचा असतो. म्हणून उपायही हवेवरच योजिला पाहिजे.

एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सिअस तपमानास सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांस १७ ग्रॅम, तर १० अंशांस अवघे ९ ग्रॅम. ज्या तपमानास हवेतील बाष्प तिला जेमतेम पेलवते, त्यास दवबिंदू म्हणतात. काच त्याहून थंड असली की तिच्यावर पाणी धरते. पाणी पारदर्शक खरे. परंतु तेलकट काचेवर ते सारखे न पसरता सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बसते, आणि हे थेंब प्रकाश इतस्ततः विखुरतात. काचेस साबण चोळण्याचा जुना उपाय थेंबांना पसरवतो, म्हणून उपयोगी पडतो. मात्र तो फार काळ टिकत नाही.

हे पाणी येते कोठून? स्वस्थ बसलेला मनुष्य श्वास व त्वचा यांवाटे तासाला सुमारे ४० ग्रॅम बाष्प सोडतो. चौघांचे १६० ग्रॅम झाले. लहान मोटारीत जेमतेम तीन घनमीटर हवा असते, आणि २० अंशांस ती सुमारे ५० ग्रॅमच बाष्प धारण करू शकते. खिडक्या बंद करून आतलीच हवा फिरवीत राहिल्यास काच धुरकटणार हे सांगावयास नको. ओल्या छत्र्या आणि भिजलेले कपडे त्यात भर घालतात ती वेगळीच.

दिल्लीतील जानेवारीची पहाट घ्या. बाहेर दाट धुके, तपमान ८ अंश. असल्या ओलसर हवेस आत घेणे वेडेपणाचे वाटते. परंतु त्या हवेत घनमीटरमागे ८ ग्रॅमच बाष्प असते. ती २२ अंशांपर्यंत तापविली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्क्यांवर उतरते. धुक्यातली हवा तापविल्यावर कोरडी ठरते! धुराच्या भीतीने बाहेरची हवा बंद ठेवणाऱ्यांची अडचण खरी आहे. त्यांनी तापकाबरोबर वातानुकूलकही चालू ठेवावा.

थंडीत वातानुकूलक कशाला, असे अनेकांस वाटते. हा गैरसमज नावामुळे झाला आहे. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली न्यूयॉर्कमधील एका छापखान्यासाठी आपली योजना आखली, ती मुख्यतः हवेतील आर्द्रता ताब्यात ठेवण्यासाठी. ओलाव्याने कागद फुगत व आक्रसत असे. मोटारीतही यंत्राच्या थंड नळ्यांवर बाष्पाचे पाणी होते व ते गाडीखाली ठिबकते. पावसाळ्यात बाहेरची हवाच जवळजवळ संपृक्त असते. तेव्हा खिडकी उघडून थोडाच लाभ होतो, आणि हे यंत्रच खरा आधार ठरते.

मात्र चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या दमट शहरात ह्याच यंत्राने उलटा प्रकार घडतो. थंड झोत काचेवर सोडल्यास काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूखाली जाते आणि बाहेरून धुरकटते. तेथे झोत काचेवरून हटवावा, आतला गारवा कमी करावा व वायपर चालवावा. थंडी अधिक वाढविणारा चालक आपल्या हाताने संकट वाढवितो.

म्हणून चालकास गाडी शिकविताना गतिरोधक व खुणांइतक्याच आग्रहाने हेही शिकविले जावे, असे म्हणणे अवाजवी नाही. परीक्षा सोपी आहे: गाडी उभी असताना काचेच्या आतल्या बाजूस बोट ओढावे. रेघ उमटली तर पाणी आत आहे, न उमटली तर बाहेर. वातानुकूलक नसलेल्या मालमोटारींत व जुन्या बसगाड्यांत दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवणे, काच तेलकट राहू न देणे आणि ओली कांबळी पुढच्या काचेपासून दूर ठेवणे, एवढेच हाती राहते; आणि काच तरीही निवळली नाही तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबावे.