छोट्या स्पीकरच्या डोक्यावरचं ओझं उतरवा!

गेल्या महिन्यात एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर पिक्चर बघायचा बेत ठरला. पठ्ठ्याने बोनसच्या पैशांतून झकास सिस्टीम उभी केली होती. चार इंची वूफरचे दोन देखणे बुकशेल्फ स्पीकर आणि सोफ्याशेजारी दणकट सबवूफर. दिवे बंद, पॉपकॉर्न तयार. पहिलाच स्फोट झाला आणि डावीकडून आवाज आला, ‘टक्!’ मग दर धमाक्याला ‘टक्, टक्’. इंटरव्हलपर्यंत त्या बाजूने नुसती खरखर.

‘‘अरे, बेससाठी वेगळा सबवूफर आणलाय ना? त्याच्यावरचं बटणसुद्धा ८० वर ठेवलंय. मग हा का गेला?’’ साहेब वैतागले.

मंडळी, सगळी गोची इथेच आहे. सबवूफरवरचं ते बटण फक्त सबवूफरपुरतं असतं. त्याने वरचे सूर घ्यायचे नाहीत, एवढंच ते सांगतं. छोट्या स्पीकरकडे जाणारा बेस त्याने अडत नाही. ऑफिसात नवा माणूस घेतला, पण जुन्याच्या टेबलावरची एकही फाइल उचलली नाही, तसा प्रकार!

आता थोडा फंडा समजून घेऊ. तेवढ्याच जोराचा सूर एक सप्तक खाली वाजवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. म्हणजे १६० हर्ट्झला पाव मिलिमीटर हलणारा पडदा ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलेल आणि ४० हर्ट्झला चार! चार इंची वूफरची इथे पुरती दमछाक होते. पेटीला हवेसाठी पोर्ट, म्हणजे भोक असेल तर आणखी पंचाईत. एका ठरावीक पातळीच्या खाली पडद्याला आतल्या हवेचा आधारच राहत नाही. तो मोकाट हलतो, पण आवाज मात्र फारसा देत नाही. ते ‘टक्’ म्हणजे पडद्यामागची तारेची गुंडाळी मागच्या लोखंडी तबकडीवर आपटल्याचा आवाज. तो ऐकू आला की आधी व्हॉल्यूम कमी करा, बाकीचं नंतर.

आणि स्पीकर फुटला नाही, तरी नुकसान होतंच. त्याच पडद्यावर संवाद आणि गाणंही वाजत असतं. तो बेससाठी झोके घेत असताना माणसाचा आवाज स्वच्छ येणार कसा?

उपाय फुकटात आहे. तुमच्याकडे एव्ही रिसीव्हर असेल, तर स्पीकर सेटअपच्या मेनूत जा. तिथे ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ असे दोन पर्याय दिसतील. एवढे पैसे मोजलेल्या स्पीकरला ‘स्मॉल’ म्हणायला जिवावर येतं, कबूल! पण त्याचा आकाराशी संबंध नाही. ‘स्मॉल’ म्हणजे याच्याकडचा बेस काढा आणि सबवूफरला द्या. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. टीएचएक्सची शिफारसही हीच आहे. त्याखालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय, हे घरातल्या खोलीत कानाला सहसा कळत नाही. त्यामुळे बेस सोफ्याशेजारून आला, तरी पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. स्पीकर अगदीच चिमुकले, तीन इंची असतील तर १०० ते १२० हर्ट्झ ठेवा. मात्र मग सबवूफर पुढे, त्यांच्या जवळच हवा.

फिल्टर म्हणजे भिंत नव्हे, उतार असतो. रिसीव्हरमधला नेहमीचा उतार सप्तकाला १२ डेसिबलचा. तेवढ्यानेही ४० हर्ट्झला पडद्याची हालचाल साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. चार मिलिमीटरचा एक झाला, स्पीकर वाचला!

अजून तीन गोष्टी. सबवूफरवरचं बटण आता पूर्ण वर न्या किंवा ‘एलएफई’वर ठेवा, नाहीतर दोन फिल्टर लागून मधले सूर गायब होतील. ‘एलएफई प्लस मेन’ हा पर्याय दिसला तर तो घेऊ नका, कारण तो बेस दोघांनाही वाटतो. आणि माइक लावून ऑटो सेटअप केला असेल, तरी मेनू पुन्हा तपासा. ही यंत्रं पुष्कळदा छोट्या स्पीकरलाही ‘लार्ज’ ठरवून मोकळी होतात.

साधा स्टिरिओ अँप्लिफायर आहे? मग सावध. बऱ्याच अँप्लिफायरचं ‘सब आउट’ सबवूफरला सिग्नल देतं, पण स्पीकरचा बेस कापत नाही. खरेदी करतानाच ‘हाय-पास फिल्टर आहे का?’ असं दुकानदाराला स्पष्ट विचारा. काही सबवूफरमध्येही बेस कापून पुढे सिग्नल देणारी सोय असते. तोपर्यंत जुगाड म्हणून पोर्टमध्ये स्वच्छ मोजा किंवा फोम घट्ट बसवा. पेटी बंद झाली की पडद्याला हवेचा आधार परत मिळतो.

खात्री करायची? स्पीकरची जाळी काढा आणि अगदी हळू आवाजात ४० हर्ट्झचा टोन लावा. सेटिंग बदलण्याआधी पडदा थरथरताना डोळ्यांना दिसेल, नंतर जवळपास स्थिर. मग ८० हर्ट्झचा टोन लावून सबवूफरचा फेज ० आणि १८० वर करून बघा. बसायच्या जागेवरून जिथे आवाज भरीव वाटेल, तोच बरोबर.

मित्राने वूफर बदलून घेतला, ‘लार्ज’चं ‘स्मॉल’ केलं. मग पिक्चरऐवजी आधी वडिलांच्या आवडीचं तबलावादन लावलं. चाटीचा बोल छोट्या स्पीकरमधून टणत्कार करत आला आणि डग्ग्याची घुमक सबवूफरमधून. काका इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘जरा वाढव रे.’’