शहर वाढले, हद्द तिथेच

कोल्हापूरला खेटून असलेल्या गावांतल्या नव्या वसाहतींत रस्ते बांधापाशी येऊन संपतात. एका शेतकऱ्याने रान बिगरशेती करून प्लॉट पाडले आणि आपल्यापुरता रस्ता सोडला. शेजारच्याने चार-पाच वर्षांनी प्लॉट पाडले, तर त्याचा रस्ता भलत्याच अंगाला निघाला. तिसऱ्याच्या भावकीत वाटण्या झाल्या आणि जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. आता दोन वसाहतींमध्ये एका भिंतीचे अंतर असते, पण एकीतून दुसरीत जायचे तर मुख्य रस्त्यावर येऊन मोठा वळसा घ्यावा लागतो. गटार वसाहतीच्या टोकाला संपते आणि सांडपाणी मोकळ्या प्लॉटमध्ये किंवा ओढ्यात जाते. कचरा कुणी उचलायचा, यावरून वाद होतात. अग्निशमनाचा बंब आत येईल का, हे घर घेताना कुणी विचारत नाही.

ही वसाहत कागदावर गावात आहे, पण तिथे राहणाऱ्यांचे बहुतेक जगणे शहरात आहे. नोकरी, कॉलेज, दवाखाना, बाजार, सगळे कोल्हापुरात. कोल्हापूर महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी अस्तित्वात आली. तेव्हा शहराची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती साडेपाच लाखांच्या घरात गेली. क्षेत्रफळ मात्र ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिले. हद्दवाढीचे प्रस्ताव गेले, परत आले, मोर्चे निघाले, बंद पाळले गेले. शहरातली कृती समिती एका बाजूला आणि गावांतली दुसऱ्या बाजूला. २०१७ मध्ये शासनाने मधला मार्ग म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले. त्यातून गावांचा कायापालट झाला, असे कुणी म्हणणार नाही.

अशी गोठलेली हद्द शहराचे काय करते, याचे धडधडीत उदाहरण अमेरिकेत आहे. मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहराने १८७६ मध्ये आपल्या काउंटीपासून फारकत घेतली. ग्रामीण भागाचा खर्च आपल्या करातून नको, हा तेव्हाचा हिशेब. त्या दिवशी ठरलेली हद्द आजही तीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हमीची गृहकर्जे आणि १९५६ च्या कायद्याने आलेले महामार्ग यांच्या बळावर गोरा मध्यमवर्ग हद्दीबाहेरच्या उपनगरांत गेला. कृष्णवर्णीयांना ती कर्जे मुद्दाम नाकारली गेली. १९५० मध्ये साडेआठ लाखांवर असलेली शहराची लोकसंख्या २०२० मध्ये तीन लाखांवर आली. बाहेर काउंटीत ऐंशीहून अधिक चिमुकल्या नगरपालिका झाल्या. त्यांतलीच एक फर्ग्युसन. २०१४ मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीने एका कृष्णवर्णीय तरुणाचा जीव गेला आणि देश पेटला. पुढच्या वर्षी केंद्रीय न्याय खात्याने चौकशी अहवालात नमूद केले, की तिथली पोलिस यंत्रणा नागरिकांच्या सुरक्षिततेपेक्षा दंडवसुलीतून तिजोरी भरण्यासाठी राबत होती.

ओहायोतल्या कोलंबस शहराने उलटा रस्ता धरला. १९५० च्या दशकापासून त्याची भूमिका स्पष्ट होती: शहराचे पाणी आणि ड्रेनेज हवे, तर शहरात या. कोलंबसची हद्द वाढत गेली, करही हद्दीतच राहिले आणि एके काळी कितीतरी मोठ्या असलेल्या क्लीव्हलँडला त्याने लोकसंख्येत मागे टाकले.

कोल्हापूर सेंट लुईससारखे ओस पडणार नाही. पण सुविधांचा भार एकीकडे आणि वाढीचा पैसा दुसरीकडे, ही विभागणी इथेही तशीच आहे. केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या परिवहन सेवेच्या, बस हद्दीबाहेर धावतात, तोटा महापालिकेच्या माथी बसतो. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर आहेत, तिथल्या कामगारांची आणि वाहनांची वर्दळ शहराच्या रस्त्यांवर असते. सर्वांत मोठा प्रश्न पुराच्या पाण्याचा आहे. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फूट ७ इंचांवर गेली, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ओढे बुजवणारे आणि पूररेषेत भराव टाकणारे हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत, पण त्यांना अडवणारी कार्यालये वेगवेगळी आहेत. एकाने नाकारलेले दुसऱ्याच्या हद्दीत सहज होऊन जाते.

तरीही गावांचा विरोध आडमुठेपणाचा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. घरफाळा वाढेल, उसाच्या रानावर आरक्षण पडेल आणि हाकेच्या अंतरावरच्या ग्रामपंचायतीऐवजी महापालिकेचे उंबरे झिजवावे लागतील, ही भीती खरी आहे. जी महापालिका जयंती नाल्याचे सांडपाणी पंचगंगेत जाण्यापासून पूर्णपणे रोखू शकलेली नाही, ती आम्हाला काय देणार, हा त्यांचा सवालही रास्त आहे. पुण्याने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पोटात घेतली. कर आला, पाणी मात्र टँकरनेच येत राहिले, अशी ओरड झाली आणि अखेर फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे पुन्हा वेगळी काढावी लागली.

म्हणून हद्दीची रेषा ओढण्याआधी रस्त्यांची रेषा ओढली पाहिजे. कोल्हापूरला हे नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेले जयसिंगपूर आजही सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांसाठी ओळखले जाते. राजारामपुरीच्या गल्ल्या क्रमांकाने सापडतात, कारण घरांआधी गल्ल्या आखल्या गेल्या. आजच्या कायद्यातही सोय आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात नगररचना योजनेची तरतूद आहे. त्यात शेजारशेजारच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, गटारे, मैदाने आखतात आणि आकाराने कमी पण किमतीने वाढलेला भूखंड मूळ मालकाला परत मिळतो. अहमदाबादने आपला ७६ किलोमीटरचा रिंगरोड अशाच योजनांच्या आधाराने उभा केला. पुण्याजवळ मगरपट्ट्यात तर सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवले आणि जमिनीची मालकी बिल्डरच्या घशात जाऊ दिली नाही.

कोल्हापूरची हद्दवाढ व्हायलाच हवी, पण ती लेखी कराराने व्हावी. कोणत्या वर्षी पाणी, कोणत्या वर्षी ड्रेनेज, घरफाळा किती टप्प्यांत, कोणत्या गटावर कोणते आरक्षण आणि त्याचा मोबदला काय, हे सगळे आधी ग्रामसभेत मांडावे. ओढे आणि पूररेषा हद्दीच्या अलीकडे-पलीकडे एकाच नकाशावर आणाव्यात. आणि करार होईपर्यंत प्राधिकरणाने ४२ गावांतल्या मुख्य रस्त्यांची आखणी करून ती सातबाऱ्यावर नोंदवावी. हे काम हद्दवाढीच्या निर्णयासाठी थांबवण्याचे काहीच कारण नाही, कारण तोवर प्लॉट पडायचे थांबणार नाहीत.