विमानाची बंडी उलार होते तेव्हा…

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि आमच्या वर्गातल्या वह्यांची पानं भराभर कमी होऊ लागली! जिकडे तिकडे कागदी विमानं. एक दिवस एक जण रडवेला होऊन आला. "सर, माहं इमान वरतं जाते, थांबते अन् बदकन खाली येते. मंग पुन्हा वरतं. सरकं कामून नाई जात?"

मी विचारलं, "कापसाची बंडी उलार झालेली पाहिलीस ना?" मागे भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. मग गाडीवान थोडा भार पुढे सरकवतो. आम्हीही विमानाच्या नाकाला एक यू-पिन लावली. विमान सरळ तरंगत फळ्यापर्यंत गेलं! आणखी दोन लावल्या, तर नाक जमिनीत!

असं का होतं? नाक वर गेलं की विमान उंची कमावतं, पण वेग गमावतं. वेग घटला की पंखांची उचल घटते, विमान खाली येतं. खाली येताना वेग वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा वर! इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी १९०८ मध्ये या झोक्यांना 'फ्यूगॉइड' हे नाव दिलं. गंमत बघा, इंग्रजीत उडण्याला आणि पळून जाण्याला एकच शब्द आहे, 'फ्लाइट'. त्यांनी ग्रीक भाषेतून घेतला तो नेमका पळून जाण्याचा!

खऱ्या विमानात भार बेताने पुढे ठेवतात. शिवाय शेपटाला आडवी पट्टी असते. वाऱ्याने नाक वर उचललं की त्या पट्टीला खालून जास्त वारा लागतो, शेपूट वर उचलतं आणि नाक जागेवर येतं. बेलोऱ्याला आलेल्या एटीआर ७२ विमानात ही पट्टी शेपटाच्या अगदी टोकावर असते. माणसं आणि सामान कुठे किती, याचा हिशेब उड्डाणाआधीच करतात. लहान विमानात कधी कधी प्रवाशांना जागाही बदलायला लावतात, ती याचसाठी.

एरवी असा झोका वैमानिक सहज मोडतो. पण १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका मोठ्या विमानाचं शेपटातलं इंजिन फुटलं. त्याच्या तुकड्यांनी तेलाच्या नळ्या तुटल्या आणि सुकाणू निकामी झालं. विमान झोके घेऊ लागलं. हाती उरली फक्त दोन इंजिनं. नाक खाली जाऊ लागलं की जोर वाढवायचा, वर येऊ लागलं की कमी करायचा, असं करत कॅप्टन हेन्स आणि त्यांच्या साथीदारांनी ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. प्रवासी म्हणून बसलेले डेनिस फिच हे प्रशिक्षक वैमानिकही मदतीला धावले. विमान उतरताना मोडलं, ११२ जण गेले. पण २९६ पैकी १८४ जण वाचले. घाबरून उलटसुलट जोर दिला असता, तर झोके वाढतच गेले असते.

आता तुम्ही करून पाहा. पंखा बंद करा. यू-पिन आधी नाकाला लावा, मग थोडी मागे, मग आणखी मागे. कुठे विमान सरळ जातं आणि कुठे उलार होतं, ते वहीत लिहा. पण वहीची पानं फाडू नका हं, जुना पेपर घ्या!