विद्या अंगीं असणें आणि ती देतां येणें

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकांत गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांत श्रेष्ठत्वाविषयीं कलह उपस्थित होतो. निवाडा करणारी परिव्राजिका त्यांची परीक्षा त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून करावयाची ठरविते. विद्या अंगीं असणें आणि ती दुसऱ्यास देतां येणें हे दोन निरनिराळे गुण आहेत, असा तिचा अभिप्राय.

आपल्या घरांतून मात्र मुलानें खेळणें सोडून शिकविण्याचें काम पत्करलें, कीं 'बिचाऱ्याचें पुढें कांहीं जमलें नाहीं' असें म्हणण्याची रीत आहे. अशा वडील मंडळींनीं चंद्रकांत पंडित यांचें उदाहरण अवश्य पाहावें.

रमाकांत आचरेकरांच्या हाताखालीं तयार झालेले हे यष्टिरक्षक भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. पुढें ते मुंबई सोडून मध्य प्रदेशाच्या संघांत गेले. १९९८-९९ च्या हंगामांत त्यांच्या नेतृत्वाखालीं तो संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास पोहोंचला. परंतु पहिल्या डावांत आघाडी मिळूनही बंगळूरच्या चिन्नस्वामी मैदानावर कर्नाटकाकडून पराभूत झाला.

पुढें ते प्रशिक्षक झाले. आमच्या हिंगोलीकरांस पैनगंगा ओलांडली कीं विदर्भ लागतो. त्या विदर्भाचा संघ कित्येक दशकें खेळत होता, पण करंडक त्याच्या वांट्यास आला नव्हता. पंडितांच्या शिकवणुकीखालीं त्यानें तो २०१७-१८ सालीं प्रथमच जिंकला आणि पुढील वर्षीं राखलाही. नंतर ते मध्य प्रदेशाकडे परतले. जून २०२२ मध्यें, त्याच बंगळूरच्या मैदानावर, त्यांच्या शिष्यांनीं तोंवर ४१ वेळां अजिंक्य ठरलेल्या मुंबईस ६ गडी राखून हरविलें. कर्णधारास जें साधलें नव्हतें, तें तेवीस वर्षांनीं गुरूस साधलें. आणि त्या वेळीं त्यांच्या हातांत बॅटही नव्हती.

खेळ हा शरीराच्या बळावर चालतो, आणि शरीर चाळिशीच्या आंतच दमतें. शिकविण्याचें काम त्यानंतरही दीर्घकाळ चालूं शकतें. मात्र उत्तम खेळणाऱ्यास उत्तम शिकवितां येईलच, असा नियम नाहीं. म्हणून घरांतील मुलगा किंवा मुलगी 'मी आतां शिकवीन' असें म्हणेल, तेव्हां वडिलांनीं एवढेंच विचारावें: दुसऱ्याची तीच चूक दहा वेळां सुधारण्याचा धीर तुझ्या अंगीं आहे का? 'आहे' असें उत्तर आल्यास आशीर्वाद द्यावा; निःश्वास सोडूं नये.